सायकल आहे का अजून?

प्रश्न : माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी आणि त्यांच्या एका वर्गमित्राने नागपूरच्या महाल-इतवारीत सायकलवर डबलसीट फिरून मराठवाड्यासाठी धान्य गोळा केले होते. ते मित्र आज देशपातळीवरचे मोठे नेते आहेत. गेल्या महिन्यात ते नागपूरला आले, तेव्हा विमानतळावरील स्वागताच्या यादीत बाबांचेही नाव होते. नेत्यांनी बाबांचा हात हातात घेतला, "सायकल आहे का अजून?" एवढेच विचारले आणि ते पुढे गेले. संत्रा बर्फीचा डबा तर आत नेऊच दिला नाही. तेव्हापासून बाबा गप्प आहेत. मोठी माणसे जुन्यांना विसरतात, असे घरात सगळे म्हणतात. पुन्हा भेटीची वेळ मागावी का?
– एक सून, धरमपेठ

उत्तर : 'विसरले' हे घरच्यांचे म्हणणे मला पटत नाही. स्वागताला कोण कोण उभे आहे, याचा कागद नेत्यांच्या हाती असू शकतो. पण सायकल त्या कागदावर नसते. राहिला प्रश्न वेळेचा. पोलिसांनी तपासलेल्या यादीतले मंत्री, अधिकारी आणि कार्यकर्ते ओळीने उभे असतात, ताफा निघण्याची वेळ मिनिटांत ठरलेली असते, आणि ती चुकली तर काय होते हे वर्धा रोडवर खोळंबलेल्या कोणत्याही दुचाकीस्वाराला विचारावे. बाहेरून आणलेले खाद्यपदार्थ अशा ठिकाणी सुरक्षेसाठीच अडवतात. त्यात बाबांचा अपमान झाला असे समजू नये.

मी अडलो ते दुसऱ्याच ठिकाणी. बाबांनी काय उत्तर दिले, हे आपल्या पत्रात कुठेच नाही. बहुधा ते द्यायला त्यांना सवडच मिळाली नसावी, आणि पन्नास वर्षांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तोंडातल्या तोंडात राहिले तर माणूस गप्प होणारच.

म्हणून भेटीची वेळ मागू नका. मिळाली तरी तशीच रांग आणि तेवढाच वेळ. त्याऐवजी बाबांना पत्र लिहू द्या, त्यांच्याच अक्षरात, एका पानाचे. ती सायकल पुढे विकली, चोरीला गेली की माळ्यावर पडली आहे, हे त्यांना सांगू द्या. त्या वर्षी रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची आठवण निघाली, तर तीही येऊ द्या. मात्र त्यात नातवाच्या नोकरीची गोष्ट घालू नका. टपाल आधी कर्मचारी उघडतात. मागणी दिसली की पत्र संबंधित खात्याकडे जाते आणि घरी येते ती जावक क्रमांकाची पोच. नुसत्या आठवणीचे पत्र टेबलापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते.

मजकूर मात्र आपण सुचवू नका. बाबांना कागद, पेन आणि चष्मा द्या, आणि सायकलचे काय झाले ते आधी आपणच त्यांना विचारा.