पडद्यावर ऐकू येणारे खरे किती?

प्रश्न : माहितीपटात बर्फावरून चालणाऱ्या दूरच्या अस्वलाची पावले आणि प्रवाळ कुरतडणारा मासा, दोन्ही स्पष्ट ऐकू येतात. हे आवाज तिथेच टिपलेले असतात का? नसल्यास ही प्रेक्षकांची फसवणूक नव्हे का?

उत्तर : पावलांचा आवाज बहुधा तिथला नसतो. लांब पल्ल्याची लेन्स शेकडो मीटरवरचे अस्वल चौकटीत जवळ आणते. मायक्रोफोनला मात्र तेवढ्या अंतरावरून ऐकू येतो तो मुख्यतः वारा आणि चित्रीकरण करणाऱ्यांचीच खुडबुड. त्यामुळे फोली कलाकार, म्हणजे चित्राला जुळणारे आवाज नंतर तयार करणारे लोक, स्टुडिओत पडद्याकडे पाहत, कॉर्नफ्लोअर भरलेली पिशवी पावलाच्या तालावर दाबतात आणि भुसभुशीत बर्फाची करकर हुबेहूब उमटते. प्राण्यांचे हाकारे मात्र सहसा त्याच जातीचे, वेगळ्या वेळी ध्वनिमुद्रित केलेले असतात.

माशाचे उत्तर थोडे वेगळे आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेच्या जवळजवळ साडेचारपट वेगाने जातो आणि पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो तेव्हा ते पाणबुड्यालाही ऐकू येते. हायड्रोफोनला, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनला, हा आवाज मिळतो, पण त्यासोबत दूरच्या जहाजाचे इंजिन आणि पाणबुड्याचे बुडबुडेही येतात. बुडबुडे न सोडता श्वास पुन्हा वापरणारी रिब्रीदर यंत्रणा आवडीची होण्याचे हेही एक कारण आहे.

फसवणुकीबद्दल माझे मत असे, की पावलांचा आवाज भरल्याने अस्वलाच्या वर्तनाचा अर्थ बदलत नाही, तोवर हरकत नसावी. १९५८ च्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या डिस्नेच्या माहितीपटात लेमिंग हे उंदरासारखे छोटे प्राणी कड्यावरून समुद्रात आपणहून उड्या घेताना दाखवले होते, प्रत्यक्षात ते बाहेरून आणून, समुद्रकिनाराच नसलेल्या अल्बर्टा प्रांतात खाली लोटले गेले होते, हे १९८२ मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीने उघड केले. तिथे खोटे चित्रातच होते. आवाजाला दोष देण्याचे कारण नाही.

प्रश्न : डुबकी मारली तेव्हा करडे-निळे दिसलेले प्रवाळ पडद्यावर लालभडक कसे?

उत्तर : पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषते, दहा मीटरांपर्यंत तो जवळपास संपतो. चित्रीकरणासाठी पाण्यात नेलेल्या दिव्याचा प्रकाशही जाताना आणि परतताना असा दोनदा झिजत असल्याने लाली दिव्याजवळच्या भागापुरती टिकते. मागचे दूरचे प्रवाळही तितकेच लाल दिसत असतील, तर तो रंग संपादनाच्या टेबलावर चढवला असण्याची शक्यता अधिक.