वाचकांचे प्रश्न : बॉल पायथनची पेटी

प्रश्न : नोंदणी केलेला बॉल पायथन (आफ्रिकेतला अजगर) पाळला आहे, साडेतीन फुटांचा. ४ × २ × २ फुटांची पेटी सुताराकडून करून घ्यायची आहे. प्लायचा एक ताव पुरेल का? प्लाय कोणता घ्यावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पुरतो, पण अगदी काठावर. ८ × ४ च्या तावात ३२ चौरस फूट. तळ, छत आणि पाठ प्रत्येकी ४ × २, बाजू दोन, २ × २ च्या. बेरीज बरोबर ३२. यात करवतीच्या पात्याची जाडी कुणी धरत नाही. दर कापाला सुमारे ३ मिमी भुसा होऊन जातात, म्हणून तुकडे १२२० × ६०७ मिमीचे धरा आणि बाजूही ६०७ लाच कापा. बाजू तळ आणि छताच्या मध्ये उभ्या राहतील. पाठ दोन बाजूंच्या आत बसते, त्यामुळे १८ मिमी प्लायला तिची लांबी ३६ मिमीने कमी, म्हणजे ११८४. समोर खाली १० सेमीची आणि वर ६ सेमीची पट्टी लागते. ती या तावातून निघणार नाही, सुताराकडचा उरलेला तुकडा मागून घ्या.

प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा, आयएस ७१० या मानकाचा. साधा कमर्शियल प्लाय पहिल्याच पावसाळ्यात कडेने फुगतो. जोडताना दर १५ सेमीला ५० मिमीचा स्क्रू, आणि आधी ३ मिमीचं भोक पाडूनच. तसाच पिळला तर प्लायचे थर उकलतात. आतून पाण्यात मिसळणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन हात द्या, मधे ३२० चा पॉलिश पेपर मारा. त्यानंतर सांध्यांत फिशटँकचं सिलिकॉन भरा. हा क्रम उलटवू नका, कारण सिलिकॉनवर पॉलिश धरत नाही. बाथरूमचं सिलिकॉन टाळा, त्यात बुरशीनाशक असतं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, पेटी उघडी ठेवा.

आणि सुताराने करवत लावण्याआधी दार कसं असेल आणि हीटर कुठे बसेल हे ठरवून घ्या. बहुतेक पेट्या फसतात त्या याच दोन गोष्टी शेवटी ठेवल्यामुळे.

प्रश्न : सरकत्या काचा मापाने कापून आणल्या, पण ट्रॅकमध्ये जातच नाहीत. काचवाला म्हणतो, टफन्ड आहेत, आता कापता येणार नाहीत.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काचवाला बरोबर आहे. टफन्ड काच भट्टीतून निघाली की तिला कापणं नाही. कापायला गेलात तर चुरा होईल. ट्रॅक चिकटवून झाल्यावरच माप घ्यायचं असतं. खालच्या खाचेच्या तळापासून वरच्या खाचेच्या छतापर्यंत मोजा, त्यातून खालच्या खाचेची खोली वजा करा आणि वर आणखी २ मिमी सोडा. उदाहरणार्थ अंतर ४५०, खालची खाच ४ आणि वरची १० असेल, तर काच ४४४. ती आधी वर सरकवायची आणि मग खाली टेकवायची. टेकल्यावरही वरच्या खाचेत ४ मिमी राहते, म्हणून निसटत नाही. वरचा ट्रॅक खोल आणि खालचा उथळ असतो तो यासाठीच. तुमच्याकडे ते उलटे तर लागले नाहीत ना, हे आधी बघा.

काच ५ मिमीची, कडा घासलेल्या, आणि दोन काचा एकमेकींवर ४-५ सेमी याव्यात. शोकेसचं कुलूप लावाच. अजगर नाकाने काच सरकवतो, आणि जिथून डोकं गेलं तिथून अंग जातं.

प्रश्न : प्लायच्या तळाखाली हीट मॅट लावली आहे. आत २७ अंशांच्या वर जात नाही आणि खालून प्लाय काळपट पडलाय. जास्त वॅटची मॅट घ्यावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. आहे ती आजच काढा. लाकूड उष्णता अडवतं, त्यामुळे ती वर न जाता मॅट आणि प्लायच्या मध्ये कोंडते. काळपटपणा हा जळण्याचाच पहिला टप्पा आहे.

प्लायच्या पेटीत ऊब वरून द्यायची. ८० वॅटचं रेडिएंट पॅनेल, म्हणजे छताला लावायची चपटी हीटर-पाटी, सगळ्यात बरं. ते महाग वाटलं तर १०० वॅटचा सिरॅमिक हीटर, चिनी मातीच्या होल्डरमध्ये. प्लास्टिकचा होल्डर वितळतो. सिरॅमिकचा पृष्ठभाग २०० अंशांच्या पुढे जातो, म्हणून भोवती छताला स्क्रूने पक्की केलेली जाळी हवी. बॉल पायथन जमिनीवरचा साप म्हणून जाळी टाळू नका, रात्री तो चढतो. भाजत असतानाही साप उबेवरून हलत नाही, आणि जखम दिसते ती काही दिवसांनी. तेव्हा हळद न लावता पशुवैद्य गाठा.

हीटर मध्यभागी लावू नका, एका टोकाच्या तिसऱ्या भागात लावा. उबेच्या बाजूला ३१-३२ अंश, थंड बाजूला २५-२७, रात्री २४ च्या खाली नाही. दोन्ही बाजूंना लपायला एकेक खोपा द्या, नाहीतर साप ऊब सोडेल पण लपणं सोडणार नाही.

तापमान राखणारा थर्मोस्टॅट सिरॅमिकला पल्सचा, म्हणजे वीज छोट्या झटक्यांत देणारा घ्या. त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) सापाच्या पाठीच्या उंचीवर, भिंतीला क्लिपने घट्ट. प्रोब निसटून थंड बाजूला पडला, तर थर्मोस्टॅट थंडी समजून हीटर चालूच ठेवतो. त्यासाठी कमाल-किमान नोंदवणारा वेगळा थर्मामीटर आत असू द्या, आणि साप ठेवण्याआधी पेटी आठवडाभर रिकामी चालवून बघा.

प्रश्न : ठाण्यात पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही, तळाच्या कोकोपीटला बुरशी आली. हवेची जाळी मोठी करू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जाळी मोठी करण्यापेक्षा जागा बदला. थंड बाजूला खाली दोन आणि उबेच्या बाजूला वर दोन, ५ सेमीची भोकं. गरम हवा वरून निघते आणि खालून ताजी येते. दोन्ही भोकं वरच असतील तर हवा फिरत नाही. आतल्या बाजूला तारेच्या कडा ठेवू नका, नाक घासून जखम होते. कपाटाला लावतात ती गोल झाकणं चालतात. हवं ते प्रमाण ५५ ते ७०, कात टाकताना थोडं जास्त. पाऊस असेल तोवर पाणी शिंपडणं बंद. बुरशीचा थर काढून सुकं कोकोपीट ५ सेमी घाला, पाण्याचं भांडं थंड बाजूला हलवा. तोंड उघडून श्वास, नाकाशी बुडबुडे किंवा पोटाचे खवले तपकिरी दिसले, तर वाट न बघता पशुवैद्य गाठा.

प्रश्न : उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांवर जाते. बर्फाची पिशवी ठेवू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सापाला चिकटवून नको. आतलं तापमान ३५ च्या वर गेलं की धोका सुरू, आणि थर्मोस्टॅट थंड करू शकत नाही. पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, भिंतीला खेटून न ठेवता. एप्रिल-मेमध्ये एसीची खोली त्याचीच समजा. कूलर आर्द्रता वाढवतो, म्हणून तो पेटीच्या तोंडाशी नको.

प्रश्न : शेतात धामण सापडली. तिच्यासाठी ही पेटी चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पेटी चालो न चालो, धामण पाळता येत नाही. धामण, दिवड, आपला भारतीय अजगर हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ती घरात शिरली असेल तर वनविभागाला कळवा. शेतात आहे तर राहू द्या, उंदीर खाईल. बॉल पायथन आफ्रिकेतला आणि साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे, आणि त्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.