मराठवाडा इंग्रजांची ‘वसाहत’ होता का?

परभणी जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलंय: वसाहतवादाचा धडा चालू असताना एक मुलगा म्हणाला, ‘आपल्याकडं तर निजाम होता. मग मराठवाडा इंग्रजांची वसाहत होता असं लिहायचं का?’ शिवाय एमआयडीसीलाही वसाहत म्हणतात आणि इंग्रजांच्या मुलखालाही वसाहतच म्हणतात, हे कसं, असंही त्यानं विचारलं.

ताई, एमआयडीसीपासूनच सुरुवात करू, कारण त्यातून मोठ्या प्रश्नाकडं जाणं सोपं होतं.

‘वसाहत’ हा शब्द ‘वसणे’ या क्रियापदापासूनचा. नव्या जागी माणसं किंवा कारखाने येऊन वसले की ती वसाहत. वाळूजची औद्योगिक वसाहत, धरणग्रस्तांची वसाहत, कर्मचाऱ्यांची वसाहत, सगळीकडं अर्थ तोच. लॅटिनमधला ‘कोलोनिया’ही याच जातीचा. जिंकलेल्या मुलखात रोमन लोक आपली माणसं, बऱ्याचदा निवृत्त सैनिक, जमिनी देऊन वसवत. जर्मनीतल्या कोलोन शहराच्या नावात तो शब्द अजून टिकून आहे. या अर्थानं ऑस्ट्रेलिया ही खरीखुरी वसाहत. 1788 पासून इंग्रजांनी तिथं आधी कैदी नेले, मग मेंढपाळ आणि शेतकरी गेले, आणि मूळ रहिवाशांची जमीन हिसकावली गेली. 1830 मध्ये फ्रेंच अल्जीरियात उतरले, तिथंही पुढं हेच झालं.

पण ‘वसाहतवाद’ हा शब्द एवढ्यावर थांबत नाही, आणि मुलांचा गोंधळ होतो तो इथंच. 1885 ते 1908 या काळात काँगो हा बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाचा जवळजवळ खासगी ताबा होता. तिथं गोऱ्यांची गावं वसवायची नव्हती. रबर आणि हस्तिदंत हवं होतं, आणि ते अमानुष सक्तीनं काढलं गेलं. जावामध्ये डचांनी 1830 पासून गावांना साधारण पाचवा हिस्सा जमीन सरकारनं ठरवलेल्या निर्यातीच्या पिकांखाली आणायला लावली. तिथंही वसणं दुय्यम होतं, नेणं मुख्य. म्हणून मी असा भेद करते: वसाहतीला वसणारी माणसं लागतात, वसाहतवादाला ती लागतातच असं नाही. दूरच्या सत्तेनं आपल्या गरजेप्रमाणं दुसऱ्यांची जमीन, श्रम, बाजार आणि फौज वापरायची पक्की रीत बसवली, की तो वसाहतवाद.

आता मराठवाडा. मार्च 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. इंग्रज तटस्थ राहिले, म्हणून निजामानं फ्रेंच सरदार रेमंडनं तयार केलेल्या पलटणींवर भर दिला. इंग्रजांना खुपलं ते नेमकं हेच. 1798 मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला होता, टिपूची फ्रेंचांशी बोलणी चालू होती. त्याच वर्षी इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वेलस्ली यानं निजामाला तैनाती फौजेच्या तहात बांधलं आणि त्या फ्रेंच पलटणी मोडायला लावल्या. साम्राज्य वाढवण्यामागं नेहमी कापूस किंवा मसालेच असतात असं नाही, दुसऱ्या बलाढ्य राष्ट्राची धास्तीही असते. हैदराबादेत सुरुवात त्या धास्तीतून झाली, नफ्याची गणितं मागून आली.

‘तैनाती फौज’ हा शब्द मुलांना उलगडून सांगा. फौज नावाला निजामाच्या चाकरीत, खर्च निजामाचा, हुकूम मात्र इंग्रजांचा. या खर्चापोटी निजामानं म्हैसूरकडून आधी मिळालेला मुलूख 1800 मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकला. तोच आजचा रायलसीमा आणि बळ्ळारीचा भाग. 1803 मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीच्या धाकट्या भावानं, आर्थरनं, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला, त्यानंतर या बाजूला इंग्रजांना आव्हान देणारं फारसं कुणी उरलं नाही. पुढं कंटिन्जंट नावाची आणखी एक फौज निजामाच्या माथी आली. तिच्या छावण्या हिंगोली, औरंगाबाद आणि मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला होत्या. तिचा पगार भागवायला हैदराबादच्या पामर कंपनी या सावकारी पेढीकडून चढ्या व्याजानं कर्ज काढलं जाई. कर्ज साचत गेलं, आणि 1853 मध्ये त्यापोटी इंग्रजांनी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग जिल्हा आपल्या कारभाराखाली घेतला.

नळदुर्ग! म्हणजे आजच्या धाराशिवचा बराचसा भाग. तिथं मेडोज टेलर हा इंग्रजांचा अधिकारी म्हणून कारभार पाहत होता. 1860 मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले. म्हणजे मराठवाड्यातला हा तुकडा सात वर्षं थेट इंग्रजी अमलाखाली होता. ‘आपल्याकडं इंग्रज नव्हते’ म्हणणाऱ्या मुलाला हे जरूर सांगा. वऱ्हाड मात्र परत आलंच नाही. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झननं ते वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं. कापसाची ती काळी जमीन सोडायची इंग्रजांची तयारी नव्हती.

परिणाम कुठं शोधायचे? मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादकडं जाणारी मीटरगेज 1900 च्या सुमारास सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वे ही लंडनची कंपनी, तिची गाडी 1911 मध्ये लातूरला पोचली. दोन्ही वाटांनी कापूस, गळिताची धान्यं मुंबईच्या दिशेनं जाऊ लागली. नाण्यांतही हे दिसतं. आपल्याकडं निजामाचा हाली सिक्का चाले, पण व्यापारी भाव कलदारात, म्हणजे इंग्रजी रुपयात बोलत. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. ‘कलदार’ हा शब्द आता मागं पडलाय, वर्गातल्या एखाद्या मुलाच्या पणजीला विचारलं तर कदाचित अजून ऐकायला मिळेल.

मला सगळ्यांत मोठा वाटतो तो परिणाम राजकीय आहे. बाहेरचा शत्रू आला तर इंग्रज, प्रजा उठली तरी इंग्रज, असा पाठीराखा मिळाल्यावर निजामाला प्रजेपुढं झुकायची गरज उरली नाही. 1918 मध्ये इंग्रजांनी त्याला ‘विश्वासू दोस्त’ असा किताब दिला. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. 1947 मध्ये इंग्रजांचं अधिराज्य संपताच निजामानं स्वतंत्र राहायचं ठरवलं, आणि मराठवाड्याला 17 सप्टेंबर 1948 पर्यंत लढत राहावं लागलं. आपण 17 सप्टेंबरला मुक्तिदिन पाळतो, तो अशा दुहेरी सत्तेतून सुटकेचा दिवस आहे. शिकवताना त्यातली एक बाजू गळू देऊ नये.

काही जण ‘मराठवाडा निजामाची वसाहत होता’ असंही लिहितात. त्यामागचा संताप मला समजतो, पण शब्द पटत नाही. निजामाची राजधानी हैदराबाद याच संस्थानात होती, तिकडून माणसं आणून इथं वसवली नव्हती. त्या कारभाराला एकतंत्री, सरंजामी म्हणा. तेवढं पुरेसं कडक आहे.

तर वहीत काय लिहायचं? ‘मराठवाडा इंग्रजांची वसाहत होता’ हे वाक्य मी खोडेन. ‘मराठवाडा इंग्रजांच्या मांडलिक संस्थानात होता आणि वसाहतवादाचे परिणाम त्यानं भोगले’ असं लिहू द्या. ‘मांडलिक’ हा आपला जुना आणि नेमका शब्द आहे. त्याच्या जोडीला ‘खालसा’ शिकवा: संस्थान मोडून मुलूख थेट सरकारात घेतला तर तो खालसा. सातारा, नागपूर खालसा झाली, हैदराबाद झालं नाही.

राहिलं विशेषण. काही पुस्तकांत ‘वासाहतिक’ दिसतं, काहींत ‘वसाहतिक’. ‘वसाहत’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द नाही, त्यामुळं पहिल्या अक्षराला काना द्यायची गरज मला वाटत नाही. ‘वासाहतिक’ अभ्यासकांत रूढ आहे, ते चूक म्हणून गुण कापू नका. शाळेसाठी मात्र ‘वसाहतकालीन रेल्वे’, ‘वसाहतवादी धोरण’ असं लिहिलेलं मुलांना चटकन कळेल.