तितराला चिंच लावू नका

प्रश्न : माझी मुलगी पॅरिसला असते. तिथल्या सेंत-उआँच्या जुन्या बाजारातून तिने माझ्यासाठी ब्राँझचा वीतभर तितर आणला. पायथ्यावर ‘जे. म्वान्ये’ अशी सही आहे. विकणारा म्हणे, दीडशे वर्षांपूर्वीचा, अस्सल! रंग मात्र काळपट तपकिरी. चिंच-मीठ लावून लख्ख करू का? आणि अस्सल आहे हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी चिंच बरणीत परत ठेवा. तो काळपटपणा म्हणजे मळ नव्हे. कारखान्यातच आम्ल आणि उष्णता देऊन मुद्दाम आणलेला रंग आहे तो. घासलात की देवघरातल्या घंटेसारखा पिवळाधमक होईल आणि किंमत धाडकन उतरेल. मऊ ब्रशने धूळ झटका, वर्षाकाठी रंगहीन मेणाचा पातळ हात द्या. बस्स.

आता सहीचं. ज्यूल म्वान्ये (१८३५–१८९४) हा फ्रेंच शिल्पकार, पक्ष्यांचा माणूस. त्याच्या आधीच्या पिढीत सिंह-वाघ घडवणारे बारींसारखे दिग्गज होते. यानं तितर, फेझंट, चिमण्या धरल्या. वडील धातूंना मुलामा देणारे कारागीर. मुलाची शिल्पं ओतायला त्यांनी १८५७ साली स्वतःची ओतशाळाच काढली! त्यामुळे ओतल्यावर एकेक पीस छिन्नीनं पुन्हा उठवण्याइतकी सवड त्यांना मिळाली. माझ्या मते म्वान्येची खरी ओळख तीच. सही काय, नकलेतही साच्याबरोबर उतरते.

म्हणून भिंग घ्या आणि मानेपासून पंखापर्यंत सावकाश या. पिसाची मधली दांडी, तिच्या दोन्ही बाजूंच्या रेघा, कडेची धार वेगवेगळी दिसायला हवी. मूर्तीवरूनच साचा काढून ओतलेल्या नकलेत हे सगळं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत होतं. शिवाय ब्राँझ थंड होताना आकसतं, त्यामुळे अशी नक्कल मूळ मूर्तीपेक्षा किंचित लहान भरते.

मग पक्षी उलटा करा. आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, सुईनं बारीकसा ओरखडा काढा. सोनेरी पिवळा निघाला तर ब्राँझ. राखाडी चांदीसारखा निघाला तर जस्ताचा स्वस्त मिश्रधातू, वरून रंगवलेला. लोहचुंबकाच्या नादी लागू नका, तो दोन्हींना चिकटत नाही.

हे सगळं जमलं तरी तितर म्वान्येच्या हयातीतलाच, असं छातीठोकपणे कुणी सांगू नये. त्याच्या मागेही त्या साच्यांतून ओतकाम चालू होतं. तेव्हा मुलीला विक्रेत्याकडून पावती मागायला सांगा. फ्रान्समध्ये १९८१च्या नियमानुसार ग्राहकानं मागितल्यास वस्तूचा काळ, धातू, कलावंत यांबद्दल विक्रेत्यानं जे सांगितलं ते त्याला लिहून द्यावं लागतं, आणि लिहिलेलं त्याच्यावर बंधनकारक असतं. तोंडी ‘अस्सल’ म्हणणारा तिथं काय लिहितो, ते मला जरूर कळवा.