वाचकांची प्रश्नपेटी: नकार नेमका कुठे द्यायचा?

प्रश्न (वाळूज): मी एका कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर आहे. खंडेनवमीला ज्याने त्याने आपापल्या मशीनची पूजा करायची, नारळ फोडायचा, मग आरती आणि प्रसाद. गेली दोन वर्षे मी त्या दिवशी रजा टाकली. यंदा रजा मिळणार नाही असे सुपरवायझर म्हणतात. आमच्या ख्रिस्ती मंडळीतला एक भाऊ म्हणतो नोकरी सोड. दुसरा म्हणतो, हात जोडल्याने काय बिघडते? मी काय करावे?

उत्तर: तूर्त दोघांचेही ऐकू नका. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढा आणि त्याने कशाकशाला नकार दिला नाही ते आधी पाहा. बाबेलला कैद करून नेल्यावर तिथल्या दैवताचे नाव गुंफलेले नवे नाव त्याला देण्यात आले, खास्द्यांची (बाबेलच्या पंडितांची) विद्या त्याला शिकावी लागली, राजाची चाकरी करावी लागली. यातल्या कशावरही त्याने भांडण काढले नाही. तो अडला फक्त राजाच्या ताटापाशी, आणि तिथेही त्याने आधी विनंती केली. वरचा अधिकारी राजाच्या भीतीने कचरला, तेव्हा दानीएल खालच्या कारभाऱ्याकडे गेला आणि दहा दिवस शाकभाजी व पाण्यावर ठेवून बघा, असा तपासता येईल असा पर्याय त्याने पुढे केला. समोरच्या माणसाची अडचण त्याने ओळखली होती. तुमच्या सुपरवायझरचीही अडचण आहेच: एका मशीनची पूजा झाली नाही म्हणून खात्यात कुरकुर झाली, तर ती त्यांच्याच डोक्यावर येणार.

म्हणून बोलायचे ते खंडेनवमीच्या सकाळी नव्हे, आठ-दहा दिवस आधी, एकटे गाठून. सांगायचे ते एवढेच: ‘पूजा आणि आरती मला माझ्या श्रद्धेमुळे करता येत नाही. आदल्या दिवशी मशीनची धुलाई, ऑइल-ग्रीस, चिप ट्रेची सफाई, सगळ्यांच्या चहा-नाश्त्याची धावपळ मी करतो. पूजा हेल्पर करू दे.’ मूर्तिपूजेवर प्रवचन नको. आरतीच्या वेळी मागे शांत उभे राहा. मोबाइल काढू नका, हसू नका.

प्रसादाबाबत प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १०व्या अध्यायात फरक करून ठेवला आहे. मूर्तीपुढच्या पंगतीत सहभाग नको (१४ ते २२). बाजारात विकायला आलेले मांस चौकशी न करता खा (२५). कुणी जेवायला बोलावले तर वाढतील ते खा (२७), पण हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका (२८). आरतीनंतर हातावर ठेवलेला प्रसाद या शेवटच्या प्रकारात मोडतो. ‘मी घेत नाही, तुम्ही घ्या’ असे एकदाच, हसऱ्या चेहऱ्याने म्हणा. घेऊन मागच्या मागे डस्टबिनमध्ये टाकणे सर्वांत वाईट. ते कोणीतरी पाहतेच, आणि बहुतेक भांडणे नकारावरून नव्हे, अशा टाकण्यावरून पेटतात. दसऱ्याचा बोनस, मिठाईचा बंद बॉक्स, आपट्याची पाने देऊन केलेला नमस्कार यांवर अडून बसू नका.

इस्राएलच्या देवाकडे वळलेला अरामी सेनापती नामान याचा दाखला (२ राजे ५:१८) अनेक जण सरसकट परवानगी म्हणून वापरतात. त्याचा राजा त्याच्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकत असे, म्हणून त्यालाही वाकावे लागे, आणि त्यासाठी त्याने आधीच क्षमा मागितली. कामाचा भाग म्हणून हजर राहणे यात बसते. स्वतःच्या हाताने नारळ फोडणे बसत नाही.

इतके करूनही नोकरी गेली तर? जाऊ शकते. पण ती आपल्या उद्धटपणामुळे गेली की विश्वासामुळे, हे निदान स्वच्छ राहील. १ पेत्र ४:१५ मध्ये दुःखे सोसण्याची चुकीची कारणे दिली आहेत. त्यात खुनी आणि चोरासोबत दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाराही आहे.

प्रश्न (अहिल्यानगर): चर्चवर हल्ला झाल्याचे व्हिडिओ ग्रुपवर येतात. पुढे पाठवावेत का?

उत्तर: तारीख, गाव, पोलीस ठाणे आणि गुन्हा नोंद झाला की नाही, या चार गोष्टी मिळेपर्यंत नाही. दुसऱ्या देशातले किंवा जुने व्हिडिओ ‘कालचे’ म्हणून फिरतात. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपल्या बाजूच्या खोट्यालाही लागू आहे. शिवाय एक खोटा व्हिडिओ उघडा पडला की पुढच्या खऱ्या घटनेवर कोणी विश्वास ठेवत नाही. टिंगल करणाऱ्या मीम्सना उत्तर देत बसू नका.

प्रश्न (जालना): आमच्या घरी दर शुक्रवारी पंधरा-वीस जणांची प्रार्थनासभा होते. मागच्या महिन्यात काही तरुण दारात येऊन ‘धर्मांतर चालू आहे’ म्हणून ओरडले. शेजारीही नाराज आहेत. सभा बंद करावी का?

उत्तर: बंद करू नका, पण आधी शेजाऱ्यांकडे बघा. बाहेरून आलेल्यांना निरोप बहुधा गल्लीतूनच गेलेला असतो, आणि गल्लीची तक्रार बहुधा धर्माची नसते. ती दुसऱ्याच्या फाटकासमोर लावलेल्या दुचाकींची, जिन्यातल्या चपलांची आणि ढोलकीची असते. घरातल्या सभेला माइक कशाला लागतो? ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. टाळ्या आणि कीबोर्ड मिळून ती सहज ओलांडतात. साडेआठला संपवा. सोसायटीत राहत असाल तर सदनिका राहण्यासाठी आहे हे लक्षात ठेवा. आठवड्यातून चार दिवस सभा भरू लागल्या की घराचे सभागृह केले ही तक्रार खरी ठरते.

आता कायदा. राज्यघटनेचे कलम २५ धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. मात्र १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपल्या विश्वासाबद्दल सांगणे एक, बळ, फसवणूक किंवा आमिष दुसरे. राज्यांचे कायदे बदलत राहतात, तेव्हा सध्या लागू असलेला मजकूर वकिलाकडून वाचून घ्या. व्हॉट्सअॅपवरचा सारांश पुरेसा नाही.

आमिषाचा आरोप टाळायचा असेल तर मदत आणि सभा वेगळी ठेवा. धान्यवाटप, वह्या, फीची मदत सभेच्या दिवशी आणि सभेच्या जागी करू नका. हिशोबाची वही वेगळी ठेवा. बाप्तिस्मा मागणारा अठरा वर्षे पूर्ण झालेला असावा, अर्ज त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात असावा, आणि तो स्वेच्छेने येतो आहे हे त्याच्या ओळखीच्या दोघांसमोर झालेले असावे. घाई करणारे पाळकच (पाद्री) पुढे अडकतात.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना जरूर करा, पण ‘गोळ्या बंद करा’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. पौलानेही आपला सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यावर औषध म्हणून थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते (१ तीमथ्य ५:२३). महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे, चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणे, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणे हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. ‘चमत्कार सभा, कॅन्सर बरा’ असे फलक लावून मग छळ होतो म्हणणे बरोबर नाही.

जमाव दारात आला तर कोण काय करणार हे आधीच ठरलेले असावे. एक जण, शक्यतो वयाने मोठा, दारात उभा राहून हळू आवाजात बोलेल. दुसरा ११२ वर फोन करेल. तिसरा आतून व्हिडिओ घेईल, मध्ये न बोलता. मुले आतल्या खोलीत. पवित्र शास्त्र (बायबल), हजेरीची वही, मोबाइल जमावाच्या हाती द्यायचे नाहीत. पोलिसांनी मागितले तर पंचनाम्यावरच. ‘पुन्हा सभा घेणार नाही’ असा तयार कागद पुढे केला जातो. वकील येईपर्यंत त्यावर सही करू नका. घाबरून केलेली ती सहीच पुढे तुमच्याविरुद्ध वापरली जाते.

ठाण्यात नेले तर ‘आम्हाला अटक झाली आहे का?’ असे नम्रपणे विचारा. अटक असेल तर कारण सांगणे, पसंतीच्या वकिलाला भेटू देणे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक आहे (कलम २२). अपवादात्मक परिस्थिती सोडता सूर्यास्तानंतर स्त्रियांना अटक करता येत नाही. मोफत कायदेशीर मदतीचा क्रमांक १५१००.

तुमचीही तक्रार नोंदवा. शांतपणे चाललेल्या उपासनेत मुद्दाम व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. खबरीची (एफआयआरची) प्रत फुकट मिळते. ठाण्याने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, पोचपावती जपा. हक्क मागणे अविश्वासाचे लक्षण आहे असे काही भाविकांना वाटते. पौलाला तसे वाटत नव्हते: फटके मारण्याआधी त्याने रोमी नागरिकत्व सांगितले (प्रे. कृत्ये २२:२५), आणि फिलिप्पै शहरात तुरुंगातून गुपचूप सोडून देऊ लागले तेव्हा अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे म्हणून तो अडून बसला (१६:३७).

प्रश्न (नाव व गाव न छापण्याच्या अटीवर): आजोबांच्या काळापासून आम्ही ख्रिस्ती. सगळ्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे, पण दाखल्यावर हिंदू आणि जुनी जात आहे. मुलगा बारावीला आहे. अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र काढले तर फी वाचते, प्रवेश मिळतो. पाळक साहेब म्हणतात हे ख्रिस्ताला नाकारणे आहे. खरेच तसे आहे का?

उत्तर: आधी कायद्याची बाजू, कारण ती अनेकांना अर्धवटच माहीत असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आले नाहीत. (अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही.) २६ नोव्हेंबर २०२४ ला पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ख्रिस्ती म्हणून जगणाऱ्याने केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही राज्यघटनेची फसवणूक आहे. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्यात खोट्या प्रमाणपत्रासाठी सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी आहे, आणि मिळवलेले लाभ काढून घेतले जातात. पडताळणी समिती जुने दाखले तपासते. नोकरीच्या पंधराव्या वर्षी कोणी बाप्तिस्म्याची नोंदवही पुढे आणली, तर पदवी आणि नोकरी दोन्ही धोक्यात.

ही तरतूद अन्यायाची आहे असे आमचे मत आहे. बाप्तिस्म्याने गावातली जात पुसली जात नाही, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही ख्रिस्ती कुटुंबाला सांगावे लागत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. त्यासाठी उघडपणे मागणी करावी. पण नियम अन्यायाचा म्हणून प्रतिज्ञापत्र खरे होत नाही.

ख्रिस्ताला नाकारणे म्हणायचे का? हा प्रश्न मंडळीपुढे इ. स. २५० मध्येच आला होता. रोमी सम्राट डेसियसने सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसे प्रमाणपत्र घ्यावे असा हुकूम काढला. इजिप्तच्या वाळूत अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे पपायरसवर सापडली आहेत. काही ख्रिस्ती मेले, काहींनी बळी अर्पण केला, आणि काहींनी बळी न देता लाच देऊन नुसता कागद मिळवला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने कागद घेणाऱ्यांना निर्दोष म्हटले नाही, पण बळी देणाऱ्यांच्या रांगेतही बसवले नाही. २५१ च्या सभेत एकेकाची परिस्थिती पाहून त्यांना परत घ्यावे असे ठरले. पाळक साहेबांनी हा फरक ध्यानात घ्यावा. जी मंडळी मुलाच्या फीसाठी हात आखडता घेते, तिने त्याच्या बापाला व्यासपीठावरून धारेवर धरू नये.

करायचे काय: अर्ज करण्याआधी आजोबा, वडील आणि मुलगा यांचे शाळा सोडल्याचे दाखले व बाप्तिस्म्याची नोंद घेऊन वकिलाला भेटा. तुमची नोंद इतर मागासवर्गाच्या यादीत बसते का, हे तहसील कार्यालयात विचारा. कोणत्याच आरक्षणात बसत नसाल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर मालमत्तेच्या अटी पाहून आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मिळू शकते. ख्रिस्ती अल्पसंख्याक दर्जाच्या महाविद्यालयांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी जागा असतात. तिथे दाखल्यावर किंवा चर्चच्या पत्रात धर्म ख्रिस्ती असावा लागतो. दाखल्यात एक, चर्चच्या पत्रात दुसरे असे झाले की मुलगा दोन्हीकडून अडकतो. मंडळीच्या पंच कमिटीने फीचा निधी जूनमध्ये नव्हे, मार्चमध्ये उभा करावा.

प्रश्न (पुणे, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी): होस्टेलमध्ये सगळे म्हणतात की बायबल नंतर बदलले गेले. मला उत्तर देता येत नाही.

उत्तर: चिडू नकोस. ‘कोणते वचन, कधी, कोणी बदलले?’ असे विचार. बहुतेकांचे बोलणे तिथेच थांबते. थांबले नाही तर ठोस काही हाताशी हवे. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुम्रानच्या गुहेत बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाची संपूर्ण गुंडाळी सापडली, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. तोवर हाती असलेल्या मोठ्या हिब्रू हस्तलिखितांपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी. मजकूर मोठ्या प्रमाणात तोच; फरक मुख्यतः लेखनाचे आणि काही शब्दांचे. उदाहरणार्थ ५३:११ मध्ये गुंडाळीत ‘प्रकाश’ हा शब्द आहे, पारंपरिक हिब्रू पाठात नाही.

फरक आहेतच, हे तू आपणहून सांग. मार्क १६:९ ते २० आणि योहान ७:५३ ते ८:११ हे उतारे चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत नाहीत. १ योहान ५:७ मधले स्वर्गातल्या तिघा साक्षीदारांचे वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाही, म्हणून त्रैक्यासाठी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) ते पुढे करू नकोस. मत्तय २८:१९ आणि २ करिंथ १३:१४ घे. ‘एक अक्षरही बदलले नाही’ असे ठासून सांगणारी मुले बायबलमधल्या पहिल्या तळटिपेलाच गडबडतात. वादाच्या वेळी मोबाइलवर शोधत बसण्यापेक्षा ही चार-पाच स्थळे वहीत उतरवून ठेव, आणि ज्याचे उत्तर येत नाही त्याला ‘बघून पुढच्या आठवड्यात सांगते’ म्हणून खरोखर पुढच्या आठवड्यात सांग.