रिपोर्टमध्ये लिहिलंय तेवढंच

प्रश्न : मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. तीन महिन्यांपासून मेडिकल कोडिंग, म्हणजे रिपोर्टमधल्या निदानाला ठरलेला कोड लावणं, शिकते आहे, अमेरिकेतल्या रुग्णांच्या रिपोर्टवर. परवाच्या चाचणीत मॅमोग्रामचे (स्तनांच्या एक्स-रेचे) सहापैकी चार रिपोर्ट चुकले. स्तन ‘डेन्स’ (दाट) असे वाचले की मी आर ९२.२ हा कोड लावत गेले, कारण सीनिअरकडून मिळालेल्या नोट्समध्ये तसंच होतं. ट्रेनर म्हणाले, ‘तू वाचत नाहीस.’ बाबा म्हणतात, हे काम उद्या एआय करणार, त्यापेक्षा बी.एड. कर. मला खरंच जमणार नाही का?

उत्तर : चार रिपोर्ट चुकले, पण चारही एकाच जागी चुकले. जिला काही कळत नाही तिच्या चुका सगळीकडे पसरलेल्या असतात. तुझी चूक जुन्या नोट्सची आहे आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे.

आर ९२.२ म्हणजे निष्कर्ष न निघालेला मॅमोग्राम. पूर्वी डेन्स स्तनांची नोंदही याच कोडखाली व्हायची. म्हणजे फिल्म स्वच्छ, डॉक्टरांचा निष्कर्षही स्पष्ट, आणि तरी त्या बाईच्या कागदावर ‘निष्कर्ष नाही’. १ ऑक्टोबर २०२३ पासून आर ९२.३ हा घनतेचा वेगळा गट आला. आयसीडी-१०-सीएमचं, म्हणजे अमेरिकेतल्या या निदान-कोडच्या यादीचं, वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, हे कॅलेंडरवर लिहून ठेव. त्याआधीच्या नोट्स कितीही सुवाच्य असल्या तरी बाजूला ठेव.

आता एक रिपोर्ट समोर घेऊ. स्क्रीनिंग मॅमोग्राम, दोन्ही बाजू. मजकुरात ‘हेटरोजीनियसली डेन्स, सी’ आणि शेवटी ‘बाय-रॅड्स १, निगेटिव्ह’. बाय-रॅड्स ही मॅमोग्रामचा रिपोर्ट लिहिण्याची ठरलेली पद्धत. इथे नवी मुलं हमखास गोंधळतात. ए ते डी हे अक्षर घनतेचं असतं आणि ० ते ६ हा आकडा डॉक्टरांच्या एकूण निष्कर्षाचा. दोन्ही बाय-रॅड्समधलेच, पण सांगतात वेगवेगळं. घनतेचा कोड अक्षरावरून काढायचा. ती बाई तक्रार नसताना तपासणीला आली, म्हणून आधी झेड १२.३१ (स्क्रीनिंग मॅमोग्रामचा कोड) आणि त्यानंतर आर ९२.३३३. यातलं पाचवं स्थान प्रकाराचं : १ फॅटी (ए), २ फायब्रोग्लँड्युलर (बी), ३ हेटरोजीनियस (सी), ४ एक्स्ट्रीम (डी). सहावं स्थान बाजूचं : १ उजवी, २ डावी, ३ दोन्ही. डॉक्टरांनी नुसतं ‘डेन्स’ लिहून सोडलं असेल तर आर ९२.३०. तुला फिल्म दिसली आणि ती ‘सी’सारखी वाटली, तरीही आर ९२.३०च.

आणि फॅटी म्हणजे दाट नव्हे, तरी त्याला कोड आहे, कारण गट घनतेचा आहे, फक्त दाट स्तनांचा नाही.

तुझ्या बाबतीत मला थोडी काळजी वाटते ती इथेच. प्राणिशास्त्रामुळे शरीररचना तुला कळते, आणि कळणाऱ्या माणसाला रिपोर्टमधली मोकळी जागा भरावीशी वाटते. ओपीडीच्या रिपोर्टमध्ये डॉक्टर ‘शक्यता’ किंवा ‘संशय’ म्हणाले तर तो आजार आहे असं धरून कोड लावता येत नाही. तुझं ज्ञान रिपोर्ट समजून घ्यायला वापर, त्यात भर घालायला नको.

एका आकड्याने काय बिघडतं, असं तुला वाटू शकेल. मॅमोग्रामवर दाट ऊती पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे गाठ झाकली जाऊ शकते. शिवाय दाट स्तनांत कर्करोगाचा धोकाही काहीसा जास्त असतो. हा दाटपणा हाताला लागून कळत नाही, फिल्मवरच कळतं. म्हणून १० सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेत एफडीए या सरकारी नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मॅमोग्राम केंद्राला बाईला लेखी कळवावं लागतं की तिच्या स्तनांच्या ऊती दाट आहेत की नाहीत. ते पत्र वाचून ती डॉक्टरांकडे जाते, ते कदाचित सोनोग्राफी सांगतात, आणि विमा कंपनी विचारते, कशासाठी? ते कारण कोडमधून जातं. तो चुकला की क्लेम परत येऊ शकतो आणि हेलपाटे ती बाई घालते. हे आठवलं की सहाव्या आकड्याचाही कंटाळा येत नाही.

बाबांची शंका रास्त आहे, ती झटकू नकोस. साधे, ठरावीक रिपोर्ट आजही सॉफ्टवेअर सुचवतं आणि ते प्रमाण वाढेल. पण एकाच रिपोर्टमध्ये वर ‘सी’ आणि खाली ‘फायब्रोग्लँड्युलर’ असं लिहिलं असेल तर थांबून डॉक्टरांना विचारायला माणूस लागतो. नुसता वेग असलेल्यांची जागा कमी होईल. तू ऑडिटकडे, म्हणजे लावलेले कोड तपासण्याच्या कामाकडे, नजर ठेवून शीक. बी.एड. उत्तम आहे, वर्गात उभं राहावंसं वाटत असेल तर जरूर कर. एका चाचणीला घाबरून मात्र नको.

पुढचे तीन आठवडे रोज दहा मॅमोग्राम रिपोर्ट घे. कोड लिहिण्याआधी तो ज्या शब्दांवरून आला ते शब्द पेन्सिलीने अधोरेखित कर. अधोरेखित करायला शब्दच सापडला नाही, तर कोड लिहू नकोस, ट्रेनरना जाऊन विचार. नंतर सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेचा विचार कर. १०० प्रश्न, ४ तास, आणि कोडची पुस्तकं सोबत नेता येतात. अनुभव नसल्यामुळे पास झाल्यावर सुरुवातीला नावापुढे सीपीसी-ए (ए म्हणजे अप्रेंटिस, शिकाऊ) लागेल, त्यात कमीपणा मानू नकोस. सीनिअरच्या नोट्स परत कर आणि पुस्तकं चालू वर्षाची घे.