आरडी मोडू नका; आधी साडेचारशेचा मल्टिमीटर घ्या

पुण्यातल्या धायरीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी ३५ लिटरचा, १,५०० वॅटचा ओटीजी (रॉडवर चालणारा बेकिंगचा ओव्हन), सात वर्षं वापरलेला. दोन आठवड्यांपासून खालचे दोन्ही रॉड तापत नाहीत आणि तापमानाचाही भरवसा राहिलेला नाही. जवळच्या मेकॅनिकने दोन रॉड, थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) आणि मजुरी मिळून २,६०० रुपये सांगितले, वर तीन महिन्यांची तोंडी गॅरंटी. तेच भाग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणले तर १,१५० मध्ये येतात (दोन रॉड ५००, थर्मोस्टॅट ४५०, किरकोळ २००) आणि धाकटे दीर बसवून द्यायला तयार आहेत. त्याच मापाचा नवा ओव्हन १०,५०० ला पडतो. त्यासाठी मुलीच्या फीची आरडी (दरमहा पैसे भरायची बँकेतली ठेव) मोडावी लागेल, नाहीतर कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय घ्यावा लागेल. नानकटाई आणि केकच्या ऑर्डरींतून महिन्याला चारेक हजार सुटतात. दिवाळी तोंडावर आली आहे, तर काय करावं?

ताई, आधी उत्तर सांगतो, मग हिशोब. नवा ओव्हन घेऊ नका, आरडीला हात लावू नका, आणि ते १,१५० चे भागही एवढ्यात आणू नका. पहिला खर्च ४५० रुपयांच्या साध्या डिजिटल मल्टिमीटरचा (वायर, रॉड मोजून तपासायच्या छोट्या यंत्राचा) करा. तुमचे पैसे मजुरीत फारसे वाचणार नाहीत, न बिघडलेला भाग विकत न घेण्यात वाचणार आहेत.

का ते बघा. १,१५० मध्ये तुम्ही मल्टिमीटर धरलेला नाही आणि काम झाल्यावर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायची तपासणीही धरलेली नाही. त्याचे २५० धरा, ती टाळता येणार नाही. म्हणजे घरच्या दुरुस्तीचा खरा आकडा १,८५०. मेकॅनिकच्या आणि तुमच्या खर्चात १,४५० चं नाही, ७५० चं अंतर आहे. एवढ्यासाठी दिरांचा रविवार आणि एखादा चुकीचा भाग आणण्याचा धोका पत्करणं फार फायद्याचं नाही. पण तपासणीत थर्मोस्टॅट ठीक निघाला आणि एकच रॉड गेलेला असला, तर २५० चा रॉड, २०० किरकोळ, ४५० मल्टिमीटर आणि २५० तपासणी, असं ११५० मध्ये सगळं आटोपतं. आणि नुसतं थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) जळालेलं असेल तर भागाचा खर्च वीस-तीस रुपये.

आता दुरुस्तीवर किती खर्च करावा याची मर्यादा ठरवू. नवा १०,५०० चा ओव्हन तुमच्या वापरात सात वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला १,५०० रुपये पडतात. नव्याची खरेदी जितके महिने पुढे ढकलाल, तितक्या महिन्यांचे हे पैसे वाचतात. ११५० खर्च केले तर ते सव्वानऊ महिन्यांत वसूल होतात, १,८५० ला पंधरा महिने लागतात आणि २,६०० ला जवळजवळ एकवीस. सात वर्षं ऑर्डरींवर राबलेल्या ओव्हनकडून आणखी दीड वर्षाची अपेक्षा ठेवणं रास्त आहे, त्यापुढची नाही. म्हणून तुमची कमाल मर्यादा २,२५०. मेकॅनिकचा २,६०० चा आकडा या मर्यादेबाहेर जातो, त्याने तीनच महिन्यांची गॅरंटी दिली आहे म्हणून तर आणखीच.

एक अट आहे. मागचं आणि बाजूचं कव्हर काढल्यावर आतला पत्रा गंजून आरपार गेलेला दिसला, किंवा वायरींचं आवरण हात लावताच भुगा होऊन पडत असेल, तर एक रुपयाही घालू नका. दार नीट मिटत नसेल तर मात्र आधी स्प्रिंग बघा, ती स्वस्तात मिळते.

तपासणी अशी करा. प्लग काढा आणि ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. कव्हरचे स्क्रू काढून वायरींचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, कुठली वायर कुठल्या टोकाला हे स्पष्ट दिसेल असे. रॉडच्या टोकांवरची थिंबलं नोज प्लायरने धरून ओढा, वायरला धरून ओढू नका. एखादं थिंबल काळं पडलेलं, सैल झालेलं दिसलं तर कदाचित तिथेच उत्तर सापडेल. सैल जोडाला रोध जास्त, म्हणून तो तापतो, तापल्याने अजून सैल होतो आणि शेवटी जळतो. रॉड चांगला असूनही तापत नाही.

मग मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून प्रत्येक रॉड सुटा मोजा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी पैसे वाया जातात. बऱ्याच ओटीजींमध्ये खालचे दोन रॉड एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक तुटला की दोन्ही थंड पडतात. तुमचे दोन्ही एकदमच बंद पडले, यावरून शंका तीच येते. १,५०० पैकी खालचा वाटा ७५० वॅट धरला तर सिरीजमधला चांगला रॉड साधारण ३५ ओहम दाखवेल. पॅरलल, म्हणजे प्रत्येक रॉडला स्वतंत्र पुरवठा, अशी जोडणी असेल तर साधारण १४० ओहम. तुटलेला रॉड आकडा दाखवणारच नाही, मीटरवर नुसता १ किंवा ओएल येईल.

बदली रॉड घेताना लांबी आणि वॅट तर जुळायलाच हवेत, पण व्होल्टही जुळायला हवेत. सिरीजमधल्या रॉडवर ११५ व्होल्टच्या आसपासचा आकडा असतो. दोन्ही रॉड बदलताना त्यांच्या जागी २३० व्होल्टचे, ३७५ वॅटचे घातले तर प्रत्येकाला निम्मं व्होल्टेज मिळतं आणि उष्णता चौथाईवर येते. खालून ७५० ऐवजी १९० वॅटही मिळत नाहीत. नानकटाईची खालची बाजू पांढरीच राहते आणि माणूस थर्मोस्टॅटला दोष देत बसतो. उलट ११५ चा रॉड थेट २३० वर जोडला तर तो चौपट ताकदीने तापून थोड्याच वेळात जातो. म्हणून जुना रॉड पिशवीत घालूनच बुधवार पेठेत जा. ‘जरा जास्त वॅटचा घ्या, लवकर तापेल’ असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. आतल्या वायरी, सिलेक्टर स्विच (वरचे-खालचे रॉड निवडायचा नॉब) आणि थर्मोस्टॅटचे संपर्क मूळ वॅटसाठीच असतात.

दुकानातच आणखी एक मोजणी करून घ्या. मीटर मेगाओहमच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवा, एक पिन रॉडच्या टोकाला आणि दुसरी त्याच्या बाहेरच्या नळीला लावा. धातूच्या पिनांना बोटं लागू देऊ नका. आकडा यायला नको. या रॉडच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती ओलावा शोषून घेते. पावसाळाभर गोदामात पडलेला रॉड नवा कोरा असूनही बॉडीला करंट देऊ शकतो. आकडा आला तर दुसरा रॉड मागा. एकदा बसवलेला भाग सहसा परत घेत नाहीत, म्हणून काउंटरवरच्या त्या दोन मिनिटांना मोल आहे.

दोन्ही रॉड चांगले निघाले आणि थिंबलंही स्वच्छ असली, तर सिलेक्टर स्विच तपासा. नॉब ‘खालचे रॉड’ या जागी फिरवून त्याच्या टोकांवर कंटिन्युइटी (सलग जोड) येते का ते बघा. संपर्कांनी कार्बन धरलेला असला तर येत नाही. स्विच घासूनपुसून चालवू नका, बदला.

थर्मोस्टॅटला हात शेवटी. खालचे रॉड बंद असताना ओव्हन निम्म्या ताकदीवर चालतो, ठरलेल्या तापमानाला उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही. तुम्हाला जाणवणारा बेभरवसा बहुधा त्याचाच आहे. रॉड बसवा, मग आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर वापरून खात्री करा. घरी नसेल तर केक करणाऱ्या एखाद्या मैत्रिणीकडून मागून आणा. नॉब १८० वर ठेवा, २५ मिनिटं तापू द्या, मग अर्धा तास दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. १५-२० अंशांचं वरखाली चालायचंच, थर्मोस्टॅट रॉड बंद-चालू करूनच तापमान राखतो. सरासरी बघा. ती सतत २० अंश कमी येत असेल तर नॉब २०० वर ठेवून केक करा, ४५० रुपये वाचले. आकडा चढतच राहिला, थर्मोस्टॅट रॉड बंद करतच नसला, तर मात्र तो बदलावाच लागेल. बारीक तांब्याची नळी असलेल्या प्रकारचा असेल तर बसवताना नळीला घडी पडू देऊ नका. घडी पडली की तो गेला.

बसवताना तीन गोष्टींत काटकसर नको. ओव्हनच्या आतली वायर फायबरग्लासच्या आवरणाची किंवा सिलिकॉनची, उष्णता सोसणारीच हवी. घरातल्या फिटिंगची पीव्हीसी वायर साधारण ७० अंशांपर्यंतच टिकते. डाग (सोल्डर) देऊन जोड करू नका, डाग वितळतो. जोड दाबलेल्या थिंबलचाच, आणि वर इन्सुलेशन टेप नको. तिसरी गोष्ट थर्मल फ्यूज, म्हणजे ओव्हन प्रमाणाबाहेर तापला की उडणारा फ्यूज. तो उडालेला असेल तर तो का उडाला हे शोधून, त्याच तापमानाचा नवा घाला. ‘डायरेक्ट करून देतो’ असं म्हणणाऱ्याला ओव्हन उघडूच देऊ नका. पन्नास-शंभर रुपयांच्या त्या भागावर तुमचं स्वयंपाकघर अवलंबून आहे.

बसवून झाल्यावर, प्लग भिंतीत घालण्याआधी, प्लगच्या मोठ्या पिनेपासून ओव्हनच्या बॉडीपर्यंत मोजा. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा करता एक ओहमपेक्षा कमी यायला हवा. तो आला नाही तर अर्थिंग तुटलेलं आहे. बाकी दोन पिनांपासून बॉडीपर्यंत आकडाच यायला नको. हे घरी करा, पण मल्टिमीटर काही व्होल्टवरच तपासतो. इलेक्ट्रिशियनचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) ५०० व्होल्टवर तपासतो आणि कच्चं इन्सुलेशन तिथे उघडं पडतं. ते २५० रुपये यासाठीच धरले आहेत. इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा घरात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आहे का, त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर ते पडतं का, हेही बघून घ्या.

पहिल्यांदा ओव्हन रिकामाच, खिडक्या उघड्या ठेवून, २०० अंशांवर वीस मिनिटं चालवा. नव्या रॉडवरच्या तेलाचा थोडा धूर आणि वास येतो, तो जाऊ द्या. १,५०० वॅटला साडेसहा अँपिअर लागतात, म्हणून तो १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवरच लावा. सहा अँपिअरचं सॉकेट नको, एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. वीस मिनिटांनी बंद करून प्लग काढा आणि प्लगला हात लावून बघा. चटका बसण्याइतका गरम असेल तर सॉकेट बदला.

हे सगळं ओटीजीबद्दल आहे. ज्यांच्या घरी मायक्रोवेव्ह आहे त्यांनी हे वाचून कव्हर उघडू नये. त्यातल्या कपॅसिटरवर दोन हजारांच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. तिथे घरच्या दुरुस्तीचा हिशोब मांडायचाच नाही.

मेकॅनिककडेही पुन्हा जा, पण प्रश्न बदला. ‘ओव्हन दुरुस्त करायचे किती?’ असं न विचारता ‘खालचा एक रॉड गेलाय, तो बदलून मेगरने तपासून द्यायचे किती?’ असं विचारा. १,२०० च्या आत सांगितले आणि गॅरंटी बिलावर लिहून दिली, तर त्यालाच द्या. मल्टिमीटरचे ४५० धरूनही तुम्ही १,६५० वर थांबता, मर्यादेच्या बऱ्याच आत. दिवाळीच्या ऑर्डरी घेतल्या असतील तर घरच्या प्रयत्नाला एक आठवडा द्या. ऐन हंगामात ओव्हन बंद राहिला तर होणारं नुकसान ७५० च्या बचतीपेक्षा कितीतरी मोठं आहे.

आरडीबद्दल थोडक्यात. मुदतीआधी मोडली तर बँका साधारण अर्धा ते एक टक्का कमी दराने व्याज देतात. तुमच्या रकमेवर ते काहीशे रुपयेच होतील, पण फीची तारीख पुढे सरकत नाही आणि मोडलेली आरडी सहसा पुन्हा सुरू होत नाही, हा तोटा मोठा. नो-कॉस्ट ईएमआयही अगदी फुकट नसतो. बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी सूट देतो, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो. सहा महिन्यांना १५ टक्के व्याज आणि १९९ रुपये प्रोसेसिंग फी धरली तर वरचे साधारण ३०० जातात. ते चालतील. एखादा हप्ता थकला तर मात्र कार्डाचं महिना तीन-साडेतीन टक्क्यांचं व्याज सुरू होतं, ते चालणार नाही.

नवा ओव्हन दीड वर्षाने घ्यावा लागेल असं समजून त्याची सोय आजपासून करा. वर्षाला १,५०० म्हणजे महिन्याला १२५ रुपये. महिन्याला बारा-तेरा किलो माल जात असेल तर किलोमागे १० रुपये झाले. ही ओव्हनची झीज आहे आणि आजवर ती तुमच्या दरात धरलेलीच नव्हती, तुम्ही ती नफा समजत होता. दिवाळीच्या ऑर्डरींपासून दर तेवढा वाढवा आणि ते पैसे घरखर्चाच्या खात्यात न ठेवता वेगळे ठेवा. १२५ ने दीड वर्षात २,२५० च जमतील, म्हणून सध्या सुटणाऱ्या चार हजारांतले महिना ४५० त्यात घाला. अठरा महिन्यांत व्याजाशिवाय १०,३५० होतात. त्याआधी ओव्हनचा दुसरा मोठा भाग गेला, तर आज केलेल्या खर्चासकट बेरीज करा. ती २,२५० च्या वर जात असेल तर दुरुस्ती थांबवा, आणि जमलेल्या पैशात कमी पडेल तेवढ्याचाच ईएमआय घ्या.